रविवार कुणाचा?

२०२० च्या एप्रिलमध्ये आम्ही कॉलेजचे आठ-दहा जण दर रविवारी सकाळी अकरा वाजता ऑनलाइन भेटायला लागलो. लॉकडाऊन होता, दुसरं काही करता येत नव्हतं. पद्धत साधी ठरली. एकानं अर्धा तास बोलायचं, मग प्रश्न, आणि शेवटी कुणीतरी गायचं किंवा वाजवायचं. आरती नाही, प्रार्थना नाही, कुणाच्या फोटोला हार नाही. आमच्यातले काही जण देव मानतात, काही मानत नाहीत, आणि बहुतेकांनी त्यावर नीट विचारच केलेला नाही. पण आठवड्यातून एकदा चार माणसांनी एकत्र बसावं, काहीतरी ऐकावं, एखादं गाणं म्हणावं, यासाठी सत्संगालाच जायला हवं असं नाही, एवढं सगळ्यांना पटलं होतं.

महिन्याभरात स्क्रीनवर चाळीस चौकोन दिसायला लागले. कुणी कृष्णविवरांवर बोललं, कुणी आजीच्या जात्यावरच्या ओव्यांवर. पेटी वाजवणाऱ्या मैत्रिणीचा आवाज प्रत्येकाकडे थोडा उशिरा पोचायचा आणि सगळे एकदम गायला लागले की नुसता गोंगाट व्हायचा. मग नियम निघाला: सगळ्यांनी म्यूट व्हायचं आणि आपापल्या घरी तिच्याबरोबर गायचं.

आमचं घर मार्केट यार्डाच्या मागे आहे. माझे पप्पा तिथल्या फळबाजारात एका आडत्याच्या गाळ्यावर दिवाणजी आहेत. त्या एप्रिलमध्ये बाजारही काही आठवडे बंद राहिला, त्यामुळे पप्पा घरीच होते. माझ्या खुर्चीमागे पलंगावर बसून ते सगळं ऐकायचे. एकदा कांद्याच्या भावावर कुणीतरी आलेख दाखवत होतं, तेव्हा मागून म्हणाले, "त्याला विचार, ही आवक कुठल्या बाजारातली धरलीय." मी विचारलं. त्याला सांगता आलं नाही. नंतर बाजार उघडला आणि पप्पा पलंगावरून दिसेनासे झाले. त्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही.

आता सहा चौकोन उरलेत. दोन महिन्यांपूर्वी ग्रुपवर एकानं विचारलं, बंद करूया का? एखादी गोष्ट चालत नसेल तर आधी ती दुसऱ्या कुणी केलीय का ते बघायचं, ही आमच्या धंद्यातली सवय. मी बघायला गेले, आणि घरापासून तीनेक किलोमीटरवर, गंज पेठेत पोचले.

गंज पेठेतली बैठक

२४ सप्टेंबर १८७३ रोजी जोतीराव फुल्यांच्या बोलावण्यावरून सुमारे साठ माणसं पुण्यात जमली आणि सत्यशोधक समाज स्थापन झाला. फुले अध्यक्ष आणि खजिनदार झाले, नारायणराव कडलक चिटणीस. शाळेच्या पुस्तकात आपण एवढंच वाचतो: साल, नाव, उद्देश. समाज स्थापन झाल्यावर ही माणसं दर आठवड्याला नेमकं काय करायची, हे पुस्तक सांगत नाही.

ती भेटायची. पुण्यात समाजाच्या साप्ताहिक सभा होत आणि त्यात भाषणं होत. विषय पाहिले तर एखाद्या व्याख्यानमालेची पत्रिका वाटावी: मुलामुलींना सक्तीचं शिक्षण, कमी खर्चात लग्न, मध्यस्थ भटजीशिवाय धार्मिक विधी, ज्योतिषावरचा आणि भुताखेतांवरचा विश्वास, देशी मालाचा वापर. समाजानं निबंधाच्या आणि वक्तृत्वाच्या स्पर्धाही घेतल्या. ज्यांच्या आधीच्या पिढ्यांना अक्षरओळख नव्हती, त्यांना चार लोकांपुढे उभं राहून बोलायची सवय लावायची होती. १८७६ पर्यंत सभासद ३१६ झाले. त्यात शेतकरी होते, व्यापारी होते, कंत्राटदार होते, सरकारी नोकर होते.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, नाहीतर मी आमच्या बैठकीला उगाच मोठे पूर्वज चिकटवतेय असं होईल. सत्यशोधक समाज नास्तिक नव्हता. फुले एक निर्माता मानत, त्याला निर्मीक म्हणत. त्यांचा आक्षेप होता तो निर्मीक आणि माणूस यांच्या मध्ये उभ्या राहणाऱ्या दलालावर. बाजारात वाढल्यामुळे मला हा मुद्दा लगेच कळतो. माल आणि गिऱ्हाईक दोन्ही समोरासमोर असताना मधल्या माणसानं आपला हिस्सा का घ्यावा, हा प्रश्न मार्केट यार्डात रोज उठतो.

त्याच पुण्यात दुसरी एक साप्ताहिक सभाही होती. मुंबईत १८६७ साली स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाची पुण्यातली शाखा १८७० मध्ये निघाली. रानडे, भांडारकर ही त्यातली मोठी नावं. तिथे रविवारी उपासना व्हायची, त्यात प्रवचन आणि तुकारामांसारख्या संतांचे अभंग. बोलणं आणि गाणं, दोन्ही होतं. दोन्हीकडे मूर्ती नव्हती. फरक होता तो समोर बसलेल्या माणसांत. प्रार्थना समाज शिकलेल्यांचा होता, पदवीधरांचा. आमच्या स्क्रीनवरच्या चौकोनांत कोण आहे ते मी डोळ्यांपुढे आणलं, तेव्हा आम्ही यांतल्या कुणासारखे आहोत हे सांगायला फार विचार करावा लागला नाही.

सभेनंतर काय

फक्त भाषणं ऐकून माणसं किती आठवडे येतील? आमच्याकडे उत्तर आहे: पहिलं वर्ष उत्साहात, दुसरं सवयीनं, तिसऱ्या वर्षी कॅमेरा बंद. सत्यशोधकांच्या सभेला मात्र सभेबाहेर काम होतं.

२५ डिसेंबर १८७३ रोजी, म्हणजे स्थापनेनंतर तीनच महिन्यांनी, सीताराम जबाजी आल्हाट आणि राधा निंबणकर यांचं लग्न समाजाच्या पद्धतीनं लागलं. भटजी नाही, हुंडा नाही, मानपान नाही. पुढच्या वर्षी ७ मे १८७४ ला ग्यानोबा ससाणे आणि काशीबाई शिंदे यांचं झालं. आपल्याला आज ही साधी नोंदणी पद्धतीच्या लग्नासारखी गोष्ट वाटते. पण तेव्हा नातेवाईक तुटत, पाण्यापासून भाकरीपर्यंत सगळं अडवलं जाई. अशा वेळी दर आठवड्याला भेटणारी माणसं लग्नाला उभी राहत, म्हणून ते लग्न लागू शकत होतं.

आणि गाणं? ते लग्नातच होतं. १८८७ मध्ये फुल्यांनी समाजाच्या मंगलाष्टकांसह पूजाविधींची पुस्तिका काढली. त्यात मंगलाष्टकं म्हणतात ती वधू आणि वर, एकमेकांना उद्देशून. वधू पद्यातच स्त्रियांच्या हक्कांचा विषय काढते, वर पद्यातच वचन देतो. तिसऱ्या माणसाला कळणार नाही अशी भाषा नाही. गाण्याचं कामच बदललं होतं. एरवी लग्नात जे कानावरून जातं, ते इथे म्हणणाऱ्यांना बांधून घेत होतं.

छापखान्याची गोष्ट अशीच. मुंबईत बांधकामाच्या धंद्यात वर आलेले तेलुगूभाषक कामाठी समाजातले लोक, म्हणजे रामय्या व्यंकय्या अय्यावारू, व्यंकू बाळाजी काळेवार, जाया कराडी लिंगू ही मंडळी फुल्यांच्या मागे उभी राहिली आणि त्यांनी समाजासाठी छापखाना घेऊन दिला. १ जानेवारी १८७७ पासून कृष्णराव भालेकरांनी पुण्यातून 'दीनबंधु' सुरू केलं. जो सभेला येऊ शकत नाही त्याच्यापर्यंत सभा पोचवायचं त्या काळातलं साधन तेच.

त्याच वर्षी दख्खनेत मोठा दुष्काळ होता. समाजानं धनकवडीला दुष्काळातल्या मुलांसाठी बालाश्रम चालवला आणि १७ मे १८७७ च्या पत्रकातून फुल्यांनी मदतीचं आवाहन केलं. धनकवडी मार्केट यार्डापासून फार लांब नाही. आज तिथे इमारतीच इमारती आहेत. आमच्या ग्रुपमधले दोघं तिथेच भाड्यानं राहतात. त्यांना मी हे सांगितलं, तर एक म्हणाला, "आपण लॉकडाऊनमध्ये काय केलं? कृष्णविवरांवर बोललो." मला त्याचा राग आला, कारण ते खरं होतं.

लंडनचा रविवार

धर्माशिवाय साप्ताहिक मेळावा भरवायची खटपट त्याच काळात लंडनमध्येही चालू होती. ७ जानेवारी १८६६ रोजी, रविवारी संध्याकाळी, सेंट मार्टिन्स हॉलमध्ये थॉमस हक्सले या जीवशास्त्रज्ञाचं भाषण झालं. निसर्गाचं ज्ञान वाढवणं का हिताचं आहे, हा विषय. बरोबर संगीतही होतं. कामकरी लोकांसाठी रविवारच्या अशा संध्याकाळी भरवायच्या, अशी ही योजना होती.

ती लगेच कायद्यात अडकली. रविवारी पैसे घेऊन करमणूक किंवा वादसभा भरवायला १७८१ च्या एका कायद्यानं बंदी होती. रविवार देवाचा, म्हणजे व्यवहारात चर्चचा. आयोजकांवर खटला झाला आणि १८६८ मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला. पुढे लंडनच्याच साउथ प्लेस मंडळींनी रविवारच्या व्याख्यानांना १८८७ पासून रविवारच्या मैफिलींची जोड दिली. १९२९ मध्ये त्यांनी कॉनवे हॉल बांधला आणि त्या मैफिली अजून होतात. २०१३ च्या जानेवारीत दोन विनोदी कलाकारांनी उत्तर लंडनमधल्या एका जुन्या, चर्च म्हणून वापरात नसलेल्या इमारतीत 'संडे असेंब्ली' सुरू केली. सगळ्यांनी मिळून पॉप गाणी म्हणायची, एक भाषण ऐकायचं, थोडा वेळ शांत बसायचं, मग चहा आणि केक. २०२० मध्ये तीही ऑनलाइन गेली, आमच्यासारखीच.

वाचताना मला एक गोष्ट टोचली. लंडनच्या माणसांपाशी रविवार होता. त्या दिवशी काय करायचं, यावर त्यांचं भांडण होतं. आपल्याकडचं भांडण त्याच्या एक पायरी खाली होतं.

सुट्टी मागणारा सत्यशोधक

दर १० जूनला एक फॉरवर्ड फिरतो: भारताला रविवारची सुट्टी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मिळवून दिली. त्यात अर्धं खरं आहे. सरकारी कचेऱ्या त्याआधीही रविवारी बंद असत, कारण साहेबाला चर्चला जायचं असे. ज्यांना ती सुट्टी नव्हती ते होते मुंबईचे गिरणी कामगार. गिरणी सूर्योदयाला सुरू व्हायची आणि सूर्यास्ताला थांबायची. १८८१ च्या कायद्यानं लहान मुलांना नऊ तासांची मर्यादा आणि महिन्याला चार सुट्ट्या दिल्या. मोठ्यांना त्यात काहीच नव्हतं.

लोखंडे गिरणीत भांडारपाल होते आणि सत्यशोधक होते. 'दीनबंधु' पुण्यात बंद पडल्यावर १८८० मध्ये त्यांनी ते मुंबईतून चालवायला घेतलं. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचं निवेदन तयार झालं. मागण्या अगदी मोजक्या आणि मोजता येतील अशा: रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पंधरा तारखेच्या आत पगार, कामावर जखमी झालेल्याला भरपाई.

त्यानंतर सहा वर्षं गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार बायाही बोलल्या. सत्यशोधकांच्या सभांमधून चार लोकांपुढे बोलायची जी सवय लावली जात होती, ती इतक्या लांब पोचली होती. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षीच्या कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली. जोतीराव त्या जूननंतर जेमतेम पाच महिने जगले. २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेले.

म्हणजे क्रम बघा. आधी दर आठवड्याला भेटणारी माणसं, मग त्यांचं वर्तमानपत्र, आणि त्या वर्तमानपत्राच्या संपादकानं मागितला आठवड्यातला एक मोकळा दिवस. मी आजवर रविवार कॅलेंडरमध्ये आधीपासून असतो असंच धरून चालले होते.

ज्यांना रविवार नव्हता

खेड्यात शेतकऱ्याला रविवार नव्हताच. त्याच्यासाठी सत्यशोधकांनी वेगळी वेळ शोधली: रात्र. सत्यशोधक जलसे गावोगाव फिरू लागले, ते कामाचा दिवस संपल्यावर. साचा तमाशाचाच, म्हणजे गण, गौळण, वग. आशय मात्र बदलला. नमन सत्याला, वगात सावकार, कर्जाचा कागद, न वाचता उमटवलेला अंगठा, शाळेत न पाठवलेली मुलगी. ढोलकी वाजली की माणसं आपोआप जमत आणि हसता हसता भाषण ऐकून जात. १९११ मध्ये पुण्यात पहिली सत्यशोधक परिषद भरली. अध्यक्ष होते रामय्या अय्यावारू, तेच छापखाना देणाऱ्यांतले. त्यानंतरच्या दशकात सातारा-कोल्हापूरकडे जलशांनी जोर धरला.

ही वाट पुढे मोठी झाली. भीमराव कर्डकांसारख्यांचे आंबेडकरी जलसे आले. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांचं लाल बावटा कलापथक आलं. सेवादलाचं कलापथक आलं. या सगळ्यांनी एक गोष्ट पक्की धरली: प्रेक्षक ज्या वेळी मोकळा असेल, ती आपली वेळ.

मार्केट यार्डातही हे सूत्र चालत आलं आहे. नाना पेठेत दवाखाना चालवणाऱ्या डॉ. बाबा आढावांनी १९५५ च्या सुमारास हमाल पंचायत उभी केली. बाजार तेव्हा पेठांमध्येच होता, गुलटेकडीला नंतर आला. १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला, १९७४ मध्ये 'कष्टाची भाकर' सुरू झालं. आढाव 'पुरोगामी सत्यशोधक' नावाचं नियतकालिक चालवायचे आणि सत्यशोधक पद्धतीनं लग्नं लावायचे. हमाल भवन आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. मी लहानपणापासून त्याच्यावरून जातेय. गंज पेठेतल्या त्या साठ माणसांचा आणि या इमारतीचा काही संबंध आहे, हे मला वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी कळलं.

शनिवार

हे सगळं मी आमच्या बैठकीत सांगायचं ठरवलं. शेवटचं भाषण म्हणून. पप्पांना म्हटलं, "या रविवारी तुम्ही बसा ना, बाजाराबद्दल काही चुकलं तर सांगा."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "अगं, रविवारी कसं जमेल? रविवारी सगळ्यात जास्त आवक असते. मी पहाटे तीनला जातो, तुला माहीत नाही का?"

माहीत होतं. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं माहीत होतं. फळ-भाजी बाजार शनिवारी बंद असतो, आणि रविवारी पुण्यातलं सगळं गिऱ्हाईक तिथे येतं. आमच्या घरात मटण शनिवारी होतं, पाहुणे शनिवारी येतात. तरीही माझ्या डोक्यात सुट्टी म्हणजे रविवार. लोखंड्यांच्या रविवारावर मी अर्धा तास बोलणार होते, आणि त्याच वेळी माझ्या घरातला माणूस डाळिंबाच्या पेट्यांचा हिशेब लिहीत असणार होता.

"शनिवारी तुम्हाला पण सुट्टी असते ना?" पप्पांनी विचारलं.

असते. आमच्या सगळ्यांना असते. सहा वर्षांत आम्ही वेळेसाठी तीनदा मतदान घेतलं होतं. मी जुने पोल उघडून पाहिले. पर्याय होते: रविवारी सकाळी अकरा, रविवारी दुपारी चार, रविवारी रात्री नऊ. मतदान बिनचूक झालं होतं, पर्याय टाकतानाच चूक झाली होती. आणि ते पर्याय तिन्ही वेळा मीच टाकले होते.

मागच्या शनिवारी दुपारी बारा वाजता आम्ही भेटलो. अकरा चौकोन होते. पप्पा बोलले, विषय होता रुमालाखालचा लिलाव. पूर्वी आडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायचे. ज्याचा माल, तो शेतकरी शेजारी उभा असायचा, आणि त्याला काही कळायचं नाही. पप्पांनी कॅमेऱ्यासमोर माझा हात धरून दाखवलं. प्रश्न पाऊण तास चालले. कांद्याचा आलेख दाखवणारा मित्र सगळ्यात जास्त विचारत होता.

पप्पांबरोबर त्यांच्या ओळखीचे एक हमाल काका आले होते, आमच्याच पलंगावर बसले होते. गाण्याची वेळ आली तेव्हा पप्पा म्हणाले, "हे गातात." काकांनी घसा साफ केला आणि मला हळूच विचारलं, "ताई, देवाचं चालेल का? मला अभंगच येतात."

स्क्रीनवर क्षणभर कुणी काही बोललं नाही. आमचा नियम सगळ्यांना आठवत होता. मला प्रार्थना समाजातले अभंग आठवले, जलशातला गण आठवला, आणि यांपैकी कशाचाही आधार घेऊन काकांना उत्तर देणं फार विचित्र झालं असतं. तेवढ्यात पेटीवालीनं अनम्यूट करून विचारलं, "काका, कुठल्या पट्टीत?"

काका गायले. आम्ही म्यूट राहून आपापल्या घरी टाळ्यांचा ठेका धरला. नंतर ग्रुपवर एकानं लिहिलं की आपला नियम मोडला, यावर बोलायला हवं. त्याचं म्हणणं मला अगदी चूक वाटत नाही. तो विषय पुढच्या शनिवारी ठेवलाय, बारा वाजता. काका येणार आहेत.